बाळाचा मेंदू आणि ताटातली प्रथिनं: गोव्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बाळाला काय भरवायचं यावर घरोघरी मतं असतात. आजी एक सांगते, मोबाइल दुसरंच सांगतो आणि औषधाच्या दुकानातला माणूस तिसराच डबा पुढे करतो. आई-बाबांकडून, आणि त्याहून जास्त आज्यांकडून, पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बाळ आजारी असेल, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा त्याचं वजन वाढत नसेल तर इथलं वाचून आहार ठरवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रथिनं आणि अमिनो आम्लं एकच का?

नाही. खातो ती प्रथिनं. पोटात आणि आतड्यात ती सुटी होतात आणि रक्तात जातात ती अमिनो आम्लं. तीच पुन्हा जुळवून शरीर स्वतःची प्रथिनं तयार करतं. आपल्या प्रथिनांत अशी २० अमिनो आम्लं असतात. त्यातली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात: हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मेथिओनीन, फेनिलॲलॅनिन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. नावं पाठ करायची गरज नाही. लायसीन आणि मेथिओनीन एवढी दोन लक्षात ठेवा, वरणभाताचा हिशेब त्यांच्यावरच चालतो.

तान्ह्या बाळांची यादी थोडी लांबते. सिस्टीन, टायरोसीन, आर्जिनीन यांसारखी अमिनो आम्लं मोठ्या माणसाचं शरीर स्वतः बनवतं. लवकर जन्मलेल्या बाळाला ते अजून पुरतं जमत नाही.

प्रथिनं तर स्नायूंसाठी असतात ना? मेंदूचा काय संबंध?

जिमच्या जाहिरातींनी प्रथिनं म्हणजे दंड, असं करून ठेवलं आहे. मेंदूत चेतापेशी वाढतात, एकमेकींना जोडल्या जातात, त्यांच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढतं. या सगळ्याला प्रथिनं लागतातच. पण अमिनो आम्लांची मेंदूतली कामं तिथे संपत नाहीत.

ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं, टायरोसीनपासून डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन. मोठेपणी ही रसायनं पेशींमध्ये निरोप पोचवतात. गर्भाच्या मेंदूत सेरोटोनिन त्याआधीच पेशींच्या वाढीला दिशा देत असतं. ग्लायसीन हे स्वतःच एक निरोप्या आहे. आर्जिनीन, ग्लायसीन आणि मेथिओनीन यांच्यापासून क्रिएटिन बनतं, ते मेंदूच्या ऊर्जेच्या व्यवहारात लागतं. थायरॉईडचं संप्रेरक बनतं टायरोसीन आणि आयोडीन मिळून, आणि ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ मंदावते.

मेथिओनीनची गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. मायलिनसाठी आणि जनुकांच्या नियंत्रणासाठी शरीराला मिथाइल गट लागतात, ते मेथिओनीन पुरवतं. एकदा वापरलेलं मेथिओनीन पुन्हा तयार करायला बी-१२ आणि फोलेट लागतं. म्हणजे ताटात डाळ आहे, दूध आहे, पण आईच्या अंगात बी-१२ नाही, तर हे चक्र अडतं. शाकाहारी आईला बी-१२ ची मोठी कमतरता असेल आणि बाळ फक्त तिच्याच दुधावर असेल, तर बाळ मलूल पडणं, हसायचं थांबणं, शिकलेलं विसरणं आणि नंतर हातपाय थरथरणं असा आजार भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना चांगलाच परिचयाचा आहे. वेळेत ओळखला तर उपचार आहे. म्हणूनच शाकाहारी गरोदर बाईने बी-१२ ची तपासणी करून घ्यावी, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

खाल्लेली अमिनो आम्लं सरळ मेंदूत जातात का?

सरळ नाही जात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि रक्तातलं काय आत सोडायचं ते त्या ठरवतात. ट्रिप्टोफॅन, टायरोसीन, फेनिलॲलॅनिन, ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन, मेथिओनीन, हिस्टिडीन ही आकाराने मोठी अमिनो आम्लं एकाच वाहक प्रथिनामार्फत आत जातात. त्याचं नाव एलएटी-१. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको: बोट एक, जागा तेवढीच, आणि गाड्यांनी ती भरली की दुचाक्या धक्क्यावरच राहतात.

त्यामुळे रक्तात एकच अमिनो आम्ल बेसुमार वाढलं तर बाकीच्यांची वाट अडते. मेंदूला प्रमाण लागतं, नुसता साठा नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा येईल.

पहिल्या दोन-तीन वर्षांवरच एवढा भर का?

वाढीच्या वेगामुळे. जन्मतः बाळाच्या मेंदूचं वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम असतं, वर्षभरात ते दुपटीहून जास्त होतं. दोन वर्षांचं होईतो मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे गेलेला असतो. नवजात बाळ विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू घेतो.

या काळात पुरवठ्यात खंड पडला तर काय होतं, हे ऑस्ट्रियातल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीमधल्या गाया नोव्हारिनो यांच्या गटाने उंदरांवर पाहिलं. २०२३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर सांगितलेलं वाहक प्रथिन त्यांनी चेतापेशींतून काढून टाकलं. पिल्लं जन्मली तेव्हा मेंदूचा आकार ठीक होता. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मात्र पेशींची उत्तेजित होण्याची क्षमता घटली, बऱ्याच पेशी मेल्या आणि डोकं लहान राहिलं. माणसांतही या वाहकाच्या जनुकात बिघाड असलेली मुलं सापडली आहेत. त्यांचं डोकं लहान असतं आणि विकासात अडचणी असतात.

हा प्रयोग जनुकाचा आहे, खाण्याचा नाही. आज डाळ दिली नाही म्हणून मेंदूच्या पेशी मेल्या, असा त्याचा अर्थ काढू नका. पेशींना अमिनो आम्लांची गरज सर्वांत जास्त कधी असते, ती वेळ त्यातून कळते.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, ते कशासाठी?

काही जन्मजात आजारांत एखादं अमिनो आम्ल शरीराला मोडता येत नाही आणि ते साचत जातं. सर्वांत प्रसिद्ध आहे फेनिलकीटोन्युरिया. १९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आस्ब्यर्न फ्योलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या अंगाला, लघवीला विचित्र वास येतो एवढाच तिचा हेका होता. आधी कुणी तो मनावर घेतला नव्हता. फ्योलिंग यांनी लघवी तपासली आणि आजार सापडला. १९५० च्या दशकात होर्स्ट बिकेल यांनी इंग्लंडमध्ये फेनिलॲलॅनिन कमी असलेला आहार देऊन पाहिला, मूल सुधारलं. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी टाचेच्या एका थेंबावरची तपासणी रुळवली. जन्मतःच निदान झालं आणि आहार लगेच सुरू केला तर मूल इतरांसारखं वाढतं. उशीर झाला तर मेंदूचं गेलेलं परत येत नाही. अन्नातल्या एका घटकाचं प्रमाण सांभाळून मेंदू वाचवता येतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण वैद्यकात दुसरं क्वचितच सापडेल.

या आजारात फेनिलॲलॅनिन बोट अडवून बसतं, त्यामुळे मेंदूला टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन कमी पडतात. शिवाय ते स्वतःही वाढत्या मायलिनला अपाय करतं. दुसऱ्या एका आजारात ल्युसीन साचतं आणि बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो. तिथे तर दिवसांचाही वेळ मिळत नाही.

हे आजार विरळ आहेत. आई-बाबा दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतील तर दर गर्भारपणात २५ टक्के शक्यता असते, नात्यातल्या लग्नांत ही गाठ पडायचा संभव जास्त. गोव्यात २००८ साली राज्यपातळीवर नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला होता. तुमचं बाळंतपण बांबोळीला होवो, म्हापशाला, मडगावला की खासगीत, घरी सोडण्याआधी एवढं विचारा: टाचेची तपासणी झाली का, आणि तिचा निकाल कुणाकडून घ्यायचा? बाळ २४ तासांचं व्हायच्या आत घरी सोडलं असेल तर नमुना पुन्हा द्यावा लागतो का, हेही विचारा.

मग प्रथिनं जितकी जास्त, तितकं मूल हुशार?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की पावडरवाल्यांनीच तो पढवला असावा. उत्तर आहे, नाही. आणि त्याला आधार आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत लवकर जन्मलेल्या बाळांचा एक अभ्यास झाला. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सहा ग्रॅमच्या वर प्रथिन असलेलं दूध काहींना दिलं, काहींना त्याच्या निम्मं. पुढे त्या मुलांची तपासणी केली तेव्हा सर्वांत कमी वजनाच्या बाळांत, जास्त प्रथिन मिळालेल्या गटात कमी बुद्ध्यंकाची मुलं जास्त आढळली. अगदी अलीकडे, २०२२ साली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अतिशय कमी वजनाच्या बाळांना पहिले पाच दिवस शिरेतून रोज एक ग्रॅम जादा अमिनो आम्लं देऊन पाहिली. दोन वर्षांनी पाहिलं तर फायदा शून्य, उलट काही त्रास वाढलेले.

दिवस भरून जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत वेगळाच मुद्दा आहे: जास्त प्रथिनाचं डब्याचं दूध पुढे जास्त वजनाकडे नेतं. कमतरता वाईट, हे खरं. म्हणून भरमार चांगली, असं ठरत नाही.

गरोदरपणात प्रोटीन पावडर घ्यावी का?

डॉक्टरांनी कारण सांगून दिली तरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदर बाईला जास्त प्रथिनांची पूरकं देऊ नयेत असं सरळ म्हटलं आहे. जिथे कुपोषण जास्त आहे तिथे ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही संतुलित असलेला जादा आहार सुचवला आहे. नुसती प्रथिनं वाढवली आणि पोटभर जेवण नसलं तर शरीर ती जाळून टाकतं.

गरज मात्र वाढते, यात शंका नाही. भारतीय शिफारशींनुसार दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं जादा लागतात. साडेनऊ ग्रॅम म्हणजे एक अंडं आणि छोटा पेला दूध. २२ ग्रॅम म्हणजे दुपारच्या जेवणात बांगड्याचे दोन चांगले तुकडे, रात्री एक वाटी घट्ट वरण. डब्याच्या किमतीत बाजारातून किती तारले येतील, त्याचा हिशेब घरी करा.

बाळंतिणीला डाळी देऊ नयेत म्हणतात. बाळाला वात होतो.

आज्यांशी वाद घालायचा नसतो, पण हे पथ्य मोडायलाच हवं. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा रोज साधारण १७ ग्रॅम प्रथिनं जादा लागतात. आणि आपण तिला काय देतो? भात, तूप, मेथीची पेज आणि गोड लाडू. अळीव, डिंक राहू देत, त्यांच्याशी भांडण नाही. सोबत मुगाचं वरण द्या, हिंग-जिरं घालून हवं तर. आईने डाळ खाल्ल्यावर तिच्या आतड्यात होणारा गॅस दुधात उतरत नाही.

मोरीचं सूप दूध वाढवतं म्हणून बाळंतिणीला देतात, ते मात्र टाळलेलं बरं. मोरी शार्कच्या जातीची. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या अशा माशांच्या अंगात पारा साठत जातो आणि पारा वाढत्या मेंदूला घातक आहे. मुडदुशी, लेपो, तारले द्या, काही अडत नाही.

माझं दूध पातळ दिसतं. त्यात प्रथिनं कमी आहेत का?

आईच्या दुधात प्रथिनं मुळातच कमी असतात: १०० मिलिलिटरला साधारण एक ग्रॅम. गाईच्या दुधात सव्वातीनच्या आसपास, म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. वासराला झपाट्याने वाढायचं असतं, आपल्या बाळाला तशी घाई नसते. आईच्या दुधातली बरीचशी प्रथिनं पटकन पचणारी, निवळीतली असतात. गाईच्या दुधात केसीन नावाचं प्रथिन जास्त, त्याचा पोटात घट्ट गोळा होतो. गाईच्या दुधात लोहही फार कमी असतं आणि तान्ह्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून वर्षाच्या आत ते मुख्य पेय म्हणून नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, मध नको, पाणीही नको.

गुटीत बदाम असतो ना, असं कुणीतरी विचारतंच. सहाणेवर चार वेढे घेतलेल्या बदामात प्रथिन किती उतरणार! जंतू मात्र उतरतात.

सहा महिने झाले. पेजेचं पाणी आणि डाळीचं पाणी सुरू केलं तर चालेल ना?

इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण गोव्यात बाळांचं सर्वांत मोठं नुकसान मला इथेच दिसतं.

कुकर उघडल्यावर बघा. डाळ शिजून तळाशी बसलेली असते, वर पिवळसर निवळ असते. बाळाला सोसणार नाही म्हणून ती निवळ वाटीत काढतात, चिमूटभर मीठ घालतात आणि डाळ घरची मोठी माणसं जेवतात. उकड्या तांदळाच्या पेजेचंही तेच: शितं तळाशी, पाणी बाळाला. दोन्ही पाण्यांत प्रथिनं नावापुरतीच. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्याने भरतं, मग ते दूधही कमी पितं. महिनाभराने वजन जिथल्या तिथे. घरचे म्हणतात, खातं तर भरपूर.

उलट करा. पाणी तुम्ही प्या, गाळ बाळाला द्या. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ, मऊ शिजवून घोटून, वरून चमचाभर तूप किंवा खोबरेल. घट्टपणा एवढा हवा की चमचा तिरका केला तर लगेच ओघळणार नाही. भातात लायसीन कमी असतं, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, भातात बऱ्यापैकी. दोन्ही एकत्र आले की कमतरता भरून निघते. तूप किंवा तेल कशाला? ऊर्जा कमी पडली तर प्रथिन मेंदूपर्यंत पोचण्याआधीच इंधन म्हणून खर्च होतं.

सुरुवात दोन-तीन चमच्यांपासून, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीपर्यंत जा. वर्षाचं होईतो तीन-चार वेळा. आईचं दूध चालूच, दोन वर्षं आणि पुढेही. वर्षाच्या आत मीठ आणि साखर नकोच.

नाचणीचं सत्व तर पौष्टिक असतं ना?

नाचणी पौष्टिक आहेच. शंभर ग्रॅममध्ये सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, कॅल्शियम तर धान्यांत अव्वल, आणि धान्याच्या मानाने मेथिओनीनही चांगलं. पण सत्व कसं काढतात ते आठवा: नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. हाती येतो तो मुख्यतः स्टार्च. चोथ्याबरोबर आणि वर ओतून दिलेल्या पाण्याबरोबर बरंच काही गेलेलं असतं. त्यात गूळ घालून केलेलं तिझाण गोड लागतं, बाळाला आवडतं, पोट भरतं. रोजचं जेवण म्हणून ते अपुरं आहे.

सत्वाऐवजी मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं बारीक चाळलेलं पीठ घ्या. मोड आल्यावर खनिजं अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं, खनिजं जास्त चांगली लागू पडतात, आणि खीर पातळ होते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. सोबत मुगाचं पीठ मिसळा.

मासे कधीपासून द्यायचे?

सहा महिन्यांनंतर हरकत नाही. माशात नऊही आवश्यक अमिनो आम्लं चांगल्या प्रमाणात असतात, लायसीन भरपूर. भातासोबत मासा म्हणजे गोवेकराचं जेवण आधीच शास्त्राला धरून आहे. लेपो किंवा मुडदुशी वाफवा, नाहीतर तिखट घालायच्या आधी हुमणातला तुकडा बाजूला काढा. बोटांच्या चिमटीत कुस्करून काटे काढा. डोळ्यांवर विसंबू नका, काटा बोटाला कळतो. मग मऊ भातात मिसळून द्या. तारले आणि बांगडे यांत मेंदूला लागणारी स्निग्धाम्लंही असतात आणि पारा कमी. मोरी नको, मोठी इसवण क्वचित. पहिल्यांदा देताना थोडं द्या, पुरळ किंवा उलटी होते का बघा.

सुंगटं आणि तिसऱ्यासुद्धा चालतात, नीट शिजवून, बारीक करून.

मासेमारी बंद असते तेव्हा काय? आणि लगेच श्रावण येतो.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. त्या दिवसांत घरात सुके बांगडे, सुकी सुंगटं निघतात. वर्षाच्या आतल्या बाळाला ती देऊ नका, मीठ फार असतं.

त्या महिन्यांत आपली स्वतःची कडधान्यं आहेत की. मूगागाठी करताना मूग मोड काढून सोलतोच, तो सोललेला मूग बाळासाठी अगदी योग्य. अळसांद्यांचं टोणाक करताना वाटण घालायच्या आधी मूठभर शिजलेले अळसांदे काढून सालीसकट घोटा. कुळथाचं पीठ चालतं. दही चालतं. अंडं चालत असेल त्या घरी रोज एक पूर्ण शिजवलेलं अंडं. सहा ग्रॅम प्रथिनं, आणि मेंदूला लागणारं कोलीनही मिळतं. कडधान्य कच्चं किंवा अर्धकच्चं कधी देऊ नका, त्यातले काही घटक प्रथिनाचं पचन अडवतात, ते शिजल्यावरच निकामी होतात.

आमचा दीड वर्षाचा मुलगा चहात बुडवलेला पाव आवडीने खातो.

सगळेच खातात. पाव म्हणजे गहू, आणि गव्हात लायसीन तांदळाहूनही कमी. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. आणि लोह नसेल तर मेंदूत टायरोसीनपासून डोपामिन, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन करणारी एन्झाइमं मंद चालतात. तेव्हा चहा बंद. पाव राहू दे, पोळी मिळाली तर अधिक बरं. ती पातळ भाजीत बुडवा.

औषधाच्या दुकानातलं अमिनो आम्लांचं सिरप, मेंदूच्या वाढीची पावडर?

एकेक अमिनो आम्ल बाटलीतून देण्याला निरोगी बाळाच्या बाबतीत काही अर्थ नाही. फेरीबोट आठवा. डब्याच्या मागे घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते; साखर कितव्या नंबरवर आहे तेवढं वाचा. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याच्या दुधाची आणि अन्नाची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून जाहिराती दोन वर्षांवरच्या मुलांच्या असतात आणि डबा दीड वर्षाच्या मुलासाठी घेतला जातो.

जनुकीय आजारांत अमिनो आम्लं हेच औषध असतं, ती गोष्ट निराळी. नोव्हारिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक जनुक दाखवलं. ते बिघडलं की ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन शरीरात अतिवेगाने मोडली जातात आणि मुलांत स्वमग्नता आणि फिट्स दिसतात. तसा बिघाड असलेल्या उंदरांना आहारातून ही अमिनो आम्लं दिली तेव्हा त्यांची लक्षणं सुधारली. पण अशा मुलाचं निदान रक्ततपासणीने होतं, उपचार तज्ज्ञ करतात. यावरून प्रत्येक स्वमग्न मुलाला पावडर सुरू करणं म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा.

अजिनोमोटोतलं ग्लुटामेट मेंदूत जाऊन पेशी मारतं, हे खरं का?

ग्लुटामेट हेही एक अमिनो आम्लच. १९६९ साली जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ते टोचलं आणि मेंदूला इजा झालेली दिसली. खाण्यातून मात्र तसं होत नाही. आतड्याच्या पेशीच ते बहुतेक संपवतात, मेंदू लागणारं ग्लुटामेट स्वतः बनवतो आणि बाहेरचं सहसा आत घेत नाही. आईच्या दुधातही सुटं ग्लुटामेट भरपूर असतं. तरीही बाळाला चायनीज देऊ नका. कारण मीठ.

प्रथिनांनी पुढे खरंच फरक पडतो, असं माणसांत कुणी पाहिलंय का?

हो. ग्वाटेमालामध्ये १९६९ ते १९७७ या काळात काही खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त लापशी दिली, काहींत नुसतं सरबत. मुलं मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या वर्षाच्या आधी लापशी मिळालेली मुलं वाचनात आणि आकलनाच्या चाचण्यांत पुढे होती, आणि त्यातल्या पुरुषांची ताशी मजुरी जवळजवळ ४६ टक्के जास्त होती. लापशीत सरबतापेक्षा ऊर्जाही बरीच जास्त होती, तेव्हा सगळं श्रेय एकट्या अमिनो आम्लांना देता येत नाही. तीन वर्षांनंतर सुरू केलेल्यांत मजुरीतला तसा फरक दिसला नाही.

दिवसाला नेमकी किती प्रथिनं?

एक ते तीन वर्षांच्या मुलाला साधारण ११ ते १३ ग्रॅम. एक अंडं सहा, पेलाभर दूध पाच-सहा, अर्धी वाटी घट्ट वरण तीन. झालं. भात-पोळीतलं तर यात धरलेलंही नाही. एवढी कमी गरज असूनही मुलं कमी पडतात, ती बहुतेक वेळा पाण्यामुळे आणि बिस्किटांमुळे.

बाळाची वाढ बरोबर चालली आहे हे घरी कसं कळणार?

घरी नाही कळत, मोजावं लागतं. महिन्यातून एकदा अंगणवाडीत वजन करा आणि कार्डावरची रेघ बघा. एका ठिपक्याला अर्थ नसतो, रेघ आडवी व्हायला लागली की आरोग्य केंद्रात जा. लसीकरणाच्या वेळी डोक्याचा घेर मोजायला सांगा, तो मागितल्याशिवाय बरेचदा राहून जातो. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दाखवायचं. वजन ठीक असूनही मूल नजर देत नाही, आवाजाकडे वळत नाही किंवा येत असलेलं विसरतंय असं वाटलं तर खाण्यापिण्याचे प्रयोग करत बसू नका. आधी डॉक्टर, आणि जाताना टाचेच्या तपासणीचा कागद आणि बाळाचं कार्ड बरोबर घ्या.